मोजले एकदा, छापले दोनदा

अंबरनाथ व बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत आणि उल्हासनगरच्या लहान कारखान्यांत यंत्रांची घरघर दिवसभर चालू असते. सतत मोठ्या आवाजात काम करणाऱ्या कामगाराला येणारा बहिरेपणा फसवा असतो. तो हळूहळू येतो आणि दुखत नाही. आपल्या अंतर्कर्णात शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यातील सूक्ष्म केशपेशी ध्वनीची कंपने टिपतात. या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. म्हणून बहिरेपणा येण्याआधीच तो टाळावा लागतो.

मग किती आवाज सुरक्षित? भारतातील कारखान्यांच्या नियमांत 8 तासांसाठी 90 डेसिबेल ही मर्यादा घातली गेली. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने मात्र 1972 साली 85 डेसिबेलची शिफारस केली आणि 1998 साली ती कायम ठेवली. हा फरक किरकोळ नाही. 3 डेसिबेल वाढले की ध्वनीची तीव्रता जवळजवळ दुप्पट होते! अशा मर्यादा ठरवताना अनेक ठिकाणच्या शोधनिबंधांतील आकडे एकत्र करून पाहतात. घोटाळा होतो तो इथेच.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, सारख्याच आवाजाच्या तीन कारखान्यांत प्रत्येकी 100 कामगारांचे कान तपासले. 28, 24 आणि 8 जणांना बहिरेपणा आढळला. एकूण 300 पैकी 60, म्हणजे 20 टक्के. आता तिसऱ्या कारखान्याचा निबंध थोडे शब्द बदलून दुसऱ्या नियतकालिकातही छापला गेला. वाचणाऱ्याला ते चार कारखाने वाटतील. 400 पैकी 68, म्हणजे 17 टक्के! एकाही कामगाराचा कान सुधारला नाही, पण धोका मात्र कागदावर कमी झाला.

असे खरोखर घडते. 1997 साली ट्रामेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओंडान्सेट्रॉन या उलटीवरील औषधाचे निबंध तपासले. त्यांतील दुबार छापलेली माहिती धरल्यामुळे औषधाचा गुण 23 टक्क्यांनी जास्त भासत होता.

प्रयोगशाळेत स्क्रूगेजने तारेचा व्यास आपण अनेक वेळा मोजतो. प्रत्येक वाचन स्वतंत्र असेल, तरच सरासरीतील चूक कमी होते. एकच वाचन दहा वेळा उतरवून काढले, तर तक्ता भरतो, ज्ञान वाढत नाही.

यावर उपाय म्हणजे निबंध मागे घेणे. दुबार प्रकाशन उघड झाले की सामान्यतः नंतर छापलेला निबंध मागे घेतला जातो. तो नाहीसा करत नाहीत. त्यावर ‘मागे घेतला’ असा शिक्का मारून कारण छापतात. पहिल्या निबंधातील मापने खरी असतील, तर तो तसाच राहतो. म्हणजे मागे घेतलेल्या निबंधातील आकडे खोटेच असतात, असे नाही. ते मोजणीत एकदाच धरायचे, एवढाच त्याचा अर्थ. मूळ निबंधाचा स्पष्ट उल्लेख करून, संपादकांच्या संमतीने केलेले भाषांतर मात्र गैर नाही. कारण तिथे वाचक फसत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तक्त्यातला प्रत्येक आकडा कुणाच्या तरी कानाचा असतो. त्याच्यासाठी इअरप्लग आणायचे की नाही, हे त्या आकड्यांच्या बेरजेवरून ठरते. ती बेरीज चोख हवी.