स्वस्त दागिन्यांतील नाग : रुग्णपरीक्षणातील एक विसरलेला प्रश्न

बालकाच्या अंगावर धातू घालण्याची आपली प्रथा जुनी आहे. बारशाचे वाळे, बिंदल्या ओळखीच्या सोनाराकडून येत. आज मात्र अल्प किमतीची पदके, कडी व पैंजण ऑनलाइन मागविली जातात आणि त्यांतील मिश्रधातूचे घटक बहुधा विक्रेत्यासही ठाऊक नसतात. नाग म्हणजे शिसे स्वस्त, जड व सहज वितळणारे. म्हणून ते ओतीव दागिन्यांत शिरते. कॅडमियमही याच गुणांमुळे वापरले जाते.

अमेरिकेतील मिनियापोलिस येथे २००६ साली चार वर्षांच्या बालकाला उलट्यांसाठी रुग्णालयात आणले गेले. प्रथम निदान झाले जठरांत्रशोथाचे. पुढे बालक दगावले. त्याने बुटांसोबत भेट मिळालेल्या साखळीचे पदक गिळले होते. त्या पदकात ९९ टक्के शिसे निघाले व रक्तातील शिसे दर डेसिलिटरला १८० मायक्रोग्रॅम होते. आज तेथे ३.५ मायक्रोग्रॅमपासूनच बालकाकडे लक्ष पुरवावे असे मानतात.

अंगावर घातल्याने अखंड त्वचेतून धातुरूप शिसे फारसे शोषले जात नाही. धोका आहे तो चोखण्याचा, गिळण्याचा. आमाशयातील अम्लात ते विरघळते. मुलामा झिजलेला असल्यास कॅडमियमही अधिक सुटते. ते वृक्कांत साठते. निकेलमुळे कानाच्या पाळीवर व मनगटावर कंडूयुक्त विचर्चिका दिसते. अल्प मात्रेत दीर्घकाळ साचणाऱ्या अशा विषाचे वर्णन आपल्या संहितांनी दूषीविष म्हणून केलेच आहे.

म्हणून उदरशूल, मलावष्टंभ, पांडुता, चिडचिड अशी लक्षणे घेऊन बालक आले की दीपन-पाचन वा कृमिघ्न योजना करण्यापूर्वी विचारावे : मूल काय चोखते? दागिना हरवला आहे काय? शंका येताच रक्तातील शिशाची तपासणी करावी. धातूची वस्तू गिळल्याचा संशय असल्यास क्ष-किरण चित्रासाठी तत्काळ रुग्णालयात पाठवावे. विरेचन देऊन वाट पाहू नये.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. 'अष्टधातू' म्हणून विकल्या जाणाऱ्या कड्यांच्या परंपरागत घटकांत शिसे आहेच. घटकांचा प्रयोगशाळेचा अहवाल नसलेला असा माल दुकानात ठेवू नये आणि बालकासाठी तर मुळीच देऊ नये.

२००४ साली बोस्टन परिसरातील ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हापासून रक्तात शिसे सापडले की प्रथम बोट आपल्या औषधांकडे दाखविले जाते. त्याला उत्तर रोषाचे नसावे. रुग्ण घेत असलेली प्रत्येक भस्मे व रसौषधी आम्ही नोंदवाव्या, तपासणीस द्याव्या; आणि त्याच कागदावर दागिन्यांचीही नोंद करावी. अशुद्ध नाग विष आहे हे शिकवणाऱ्या रसशास्त्राच्या अभ्यासकांनी ते हातातील कड्यातही ओळखले पाहिजे.