धुराचा जमाखर्च

व्यापाऱ्याच्या पेढीवर रोजकीर्द लिहिली जाते व वर्षअखेर ताळेबंद निघतो. परंतु पृथ्वीची उष्णता कोंडून धरणारे जे वायु कारखान्यांमुळें हवेंत जातात, त्यांचाहि हिशेब आतां मांडावा लागतो. तो कसा मांडतात, हें आज पाहूं.

आपल्या छत्रपती संभाजीनगराजवळील वाळूजचेंच उदाहरण घ्या. तेथें १९८५ सालीं बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि आसपास सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची वसाहत वाढली. अशा कोणत्याहि कारखान्याच्या या वहींत तीन खातीं असतात.

पहिल्या खात्यांत स्वतः जाळलेलें इंधन येतें. एक लिटर डिझेल जळलें कीं सुमारें २.७ किलो कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो. डिझेलचें वजन किलोहूनहि कमी, मग वायु इतका कसा? कारण, इंधनांतील कार्बनच्या १२ भागांस हवेंतील ऑक्सिजनचे ३२ भाग येऊन मिळतात. दुसऱ्या खात्यांत विकत घेतलेली वीज येते. तिचा धूर कारखान्यांत दिसत नाहीं. तो दूर परळी, कोराडी यांसारख्या कोळशाच्या वीजकेंद्रांत निघतो. भारतांत एका युनिटमागें हा आंकडा सुमारें ०.७ किलो धरतात. तिसऱ्या खात्यांत बाकीचें सर्व येतें: विकत घेतलेलें पोलाद, मालाची वाहतूक, एवढेंच नव्हे, तर विकलेल्या दुचाकीनें पुढें जाळलेलें पेट्रोलसुद्धां.

सेबीनें २०२२-२३ या वर्षापासून शेअरबाजारांत नोंदलेल्या पहिल्या १,००० कंपन्यांस असा अहवाल देणें बंधनकारक केलें. त्यांत पहिलीं दोन खातीं आवश्यक, तिसरें ऐच्छिक.

खरी मेख येथेंच आहे. समजा, एखाद्या मोठ्या कारखान्यानें आपली भट्टी बंद करून तेंच काम बाहेरच्या लहान कारखानदाराकडे सोंपविलें. त्याचें पहिलें खातें हलकें होईल, अहवाल उजळ दिसेल. परंतु हवेंतला वायु रतीभरहि घटणार नाहीं. म्हणून तिसऱ्या खात्यावांचून हिशेब पुरा होत नाहीं. तें भरावयाचें, तर लहान कारखानदारानें डिझेलच्या पावत्या व विजेचीं बिलें जपलीं पाहिजेत, आणि या कामीं मोठ्यानें त्यास हात दिला पाहिजे.

आपणांपैकीं पुष्कळांजवळ अशा कंपन्यांचे शेअर असतील. वार्षिक अहवाल हातीं येईल तेव्हां नफ्याच्या आंकड्याबरोबर तीन गोष्टी अवश्य पाहाव्या: कोणतीं खातीं मांडलीं आहेत, तुलना कोणत्या वर्षाशीं केली आहे, आणि हिशेब कोणा त्रयस्थानें तपासला आहे काय. वाचणारा चौकस असला, म्हणजे लिहिणारासहि नेटकें लिहावें लागतें.