समजून घ्या : भारत नाटोत नाही, मग आपल्या गोळीचं माप नाटोचं कसं?

युरोपच्या संरक्षणाचा खर्च अमेरिकेने का उचलायचा, हा वाद जुनाच. जून २०२५मध्ये हेगच्या बैठकीत नाटो देशांनी २०३५पर्यंत जीडीपीच्या ५ टक्के खर्चाचं उद्दिष्ट ठरवलं. स्पेनने मात्र आढेवेढे घेतले. पण नाटोची किंमत फक्त खर्चात मोजायची का?

त्यासाठी थोडं अंबरनाथला उतरू. उल्हासनगर आणि बदलापूरच्या मधल्या या शहरातला आयुध कारखाना, आता ‘यंत्र इंडिया’चा भाग, काडतुसांच्या कवचासाठी पितळी कप बनवत आला आहे. कवचाचं माप आधी कुणीतरी ठरवावं लागतं.

१९५४मध्ये नाटोने ७.६२ बाय ५१ मिमी काडतूस प्रमाण मानलं. हेतू साधा : एकाचा दारूगोळा संपला तर दुसऱ्याचा चालावा. १९६२च्या युद्धानंतर भारताने आणलेली एसएलआर रायफल याच मापाची. पुढे आलेल्या इन्सासची ५.५६ मिमी गोळीही नाटोच्याच मापाची.

आज अमेरिकी सिग ७१६ला ५१ मिमीचं काडतूस लागतं, तर रशियन बनावटीच्या एके-२०३ला ३९ मिमीचं. दोन्हींवर आकडा ७.६२च, पण एकीचं काडतूस दुसरीत चालत नाही! दोघांकडून खरेदीची मोकळीक हवी, तर दोन प्रकारचा साठा सांभाळावा लागतो.

माप घेतलं म्हणून नाटोचं संरक्षण मिळत नाही. ‘एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर हल्ला’ सांगणारं कलम ५ सदस्यांपुरतंच. ते आजवर एकदाच लागू झालं, ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर. म्हणजे अमेरिकेसाठीच.