नावात 'सेंट' आहे म्हणून कॉलेज कॅथलिक नसतं, अन् कॅथलिक आहे म्हणून स्वस्तही नसतं. प्रवेशाआधी पालघरच्या पालकांनी काय बघावं?

पालघर : बारावीचा निकाल लागला की डहाणूपासून वसईपर्यंत घरोघरी एकच हिशेब सुरू होतो. मार्क कळले, आता कॉलेज कुठलं? वसई-विरार पट्ट्यात कोणी ना कोणी सांगतोच, "फादर लोकांच्या कॉलेजात टाक, शिस्त असते." तलासरी, जव्हारकडच्या आश्रमशाळेतून आलेल्या पोरांनीही झेवियर्सचं नाव ऐकलेलं असतं. सल्ला काही वाईट नाही. पण फक्त नावावर जाऊन फॉर्म भरला की पुढे फी, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती या तीन ठिकाणी गाडी अडते. तेव्हा आधी समजून घेऊ.

पहिली गोष्ट नावाची. 'सेंट' म्हणजे कॅथलिक, हे समीकरण डोक्यातून काढा. पुण्याचं सेंट मीराज कॉलेज साधू वासवानी मिशनचं आहे आणि त्यातल्या मीरा म्हणजे आपल्या संत मीराबाई. मुंबईचं विल्सन कॉलेज ख्रिस्ती खरं, पण स्कॉटिश मिशनऱ्यांचं, म्हणजे प्रोटेस्टंट. नागपूरचं हिस्लॉपही तसंच. उलट फादर आग्नेल किंवा डॉन बॉस्को या नावांत 'सेंट' नाही, पण त्या संस्था कॅथलिक. हा फरक कशाला बघायचा? कारण कॉलेजला अल्पसंख्याक दर्जा आहे का आणि कोणत्या समाजासाठी आहे, यावर जागांची वाटणी ठरते. आपल्या जिल्ह्यातल्या 'सेंट' नावाच्या कॉलेजातही हेच विचारायचं : संस्था कोणाची, आणि दर्जा कोणत्या शब्दांत आहे?

आपल्या जिल्ह्याचं एक बरं आहे. मुंबईतली बरीचशी कॅथलिक कॉलेजं पश्चिम रेल्वेवर किंवा तिच्या जवळ आहेत. वसईतच संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय आहे. १५९७ मध्ये जपानात नागासाकीला हुतात्मा झालेले गोन्सालो गार्सिया हे मूळ वसईचे, त्यांचं नाव या कॉलेजला दिलंय. पुढे बोरिवलीला सेंट फ्रान्सिस इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. वांद्र्याला सेंट अँड्र्यूज आणि फादर कोन्सेसाओ रॉड्रिग्ज कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग. माहीमला झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनीअरिंग. मरीन लाइन्सला उतरलं की समाजकार्याचं निर्मला निकेतन, अन् धोबी तलावाला १८६९ मध्ये जेझुइट धर्मगुरूंनी काढलेलं सेंट झेवियर्स. फक्त मुलींचं हवं असेल तर सोफिया कॉलेज. कुर्ल्याचं डॉन बॉस्को आणि वाशीचं फादर आग्नेल मात्र गाडी बदलून गाठावं लागतं.

एकाच छताखाली दोन फी

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे. कॉलेज 'अनुदानित' असतं, असं आपण सहज म्हणतो. खरं तर अनुदान तुकडीला, अभ्यासक्रमाला असतं. झेवियर्सचंच उदाहरण घ्या. तिथला जुना बीए आणि बीएस्सी अनुदानित. म्हणजे प्राध्यापकांच्या पगाराचा भार सरकार उचलतं, म्हणून फी आवाक्यात राहते. त्याच इमारतीत बीएस्सी आयटी किंवा मास मीडिया हे अभ्यासक्रम स्वयंअर्थसहाय्यित. तिथे पगारापासून प्रयोगशाळेपर्यंतचा सगळा खर्च विद्यार्थ्यांच्या फीतून निघतो, म्हणून फी कितीतरी पट होते. गेट तेच, कॅन्टीन तेच, पावती वेगळी. त्यामुळे "अमक्याच्या पोराला इतक्याच पैशात मिळालं" यावर विसंबू नका. तो कुठल्या अभ्यासक्रमाला आहे ते आधी विचारा.

आमचं मत स्पष्ट आहे. घरचं उत्पन्न बेताचं असेल आणि पोराचा ओढा विज्ञान, भाषा, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्राकडे असेल, तर अनुदानित तुकडीतली जागा सगळ्यात आधी बघावी. नवीन, चकचकीत नावाच्या कोर्सपेक्षा साधा बीएस्सी पुष्कळदा जास्त देऊन जातो. स्पर्धा परीक्षा, बीएड, एमएस्सी, सगळ्या वाटा त्यातून उघड्या राहतात. समाजकार्यात खरंच रस असेल तर निर्मला निकेतनचा बीएसडब्ल्यू जरूर बघा. जव्हार-मोखाड्याकडच्या मुलांना गावातल्या कामाचा अनुभव असतोच, त्या अभ्यासाला तो उपयोगी पडतो.

बीबीए, बीएमएस, बीसीएकडे जाणाऱ्यांनी एक बदल लक्षात घ्यावा. २०२४-२५ पासून या नावांचे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि त्यांना सीईटी लागू झाली. अनेक कॉलेजांनी मग नाव बदलून 'बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज)' असं केलं, म्हणजे सीईटी नको. दोन्हींचे प्रवेश वेगळे, शिष्यवृत्तीचे नियमही वेगळे. माहितीपुस्तिकेतलं पदवीचं पूर्ण नाव वाचा, बोर्डावरचं नको.

आणि हो, नव्या शैक्षणिक धोरणात पदवी चार वर्षांची झाली आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, पण चौथं वर्ष करायचं असेल तर त्याचीही फी आजच हिशेबात धरा.

जागा कोणाला?

राज्यघटनेच्या कलम ३० प्रमाणे अल्पसंख्याक समाजाला स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. त्यातून अशा कॉलेजात निम्म्या किंवा त्याहून थोड्या जास्त जागा त्या समाजासाठी ठेवल्या जातात. राहिलेल्या सर्वांना खुल्या. म्हणजे हिंदू, मुस्लिम, बौद्ध, आदिवासी कुणीही अर्ज करू शकतो आणि गुणवत्तेवर बसतो.

मात्र कलम १५(५) नुसार अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गाचं आरक्षण ठेवण्याची सक्ती अल्पसंख्याक संस्थांना नाही. डहाणूच्या वारली विद्यार्थिनीला सरकारी कॉलेजात एसटीची राखीव जागा मिळेल, इथे ती खुल्या यादीतून लढेल. काही कॉलेजं आपणहून सवलत देतात, पण ती माहितीपुस्तिकेत छापलेली असेल तरच धरायची.

पण एक गैरसमज दूर करायला हवा. राखीव जागा नाही म्हणजे शिष्यवृत्ती नाही, असं बिलकुल नाही. जागा वेगळी, शिष्यवृत्ती वेगळी. ती मुलगी गुणवत्तेवर आत गेली आणि तिच्याकडे जातीचा, उत्पन्नाचा दाखला असला, तर महाडीबीटीवर तिचा अर्ज इतरांसारखाच होतो. त्या कॉलेजाचा तो अभ्यासक्रम महाडीबीटीवर दिसतो का, एवढं आधी तपासावं.

ख्रिस्ती विद्यार्थ्यांचं गणित आणखी वेगळं. वसईतल्या कॅथलिक मुलाला अल्पसंख्याक जागेचा फायदा मिळतो, पण तो आपोआप नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म नीट लिहिलेला हवा. बाप्तिस्म्याचा दाखला कॉलेज मागू शकतं, तो धर्मग्रामातून आधीच काढून ठेवा. जो धर्मांतरित आदिवासी आहे, त्याचा एसटीचा दर्जा धर्मामुळे जात नाही. अनुसूचित जातीचं तसं नाही : १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे. राज्याच्या ओबीसी यादीत ख्रिस्ती समाजातले काही गट येतात, त्यामुळे तलाठी किंवा सेतू केंद्रात आपल्या गटाचं नाव काढून बघायला हरकत नाही.

इंजिनीअरिंग : कॅपमधूनच जा

इंजिनीअरिंगला कॉलेज फादरांचं असो वा कोणाचं, वाट एकच. एमएचटी-सीईटी द्यायची, मग केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया म्हणजे कॅपचा अर्ज भरायचा. ख्रिस्ती विद्यार्थ्याने त्या अर्जातच अल्पसंख्याक असल्याचं नोंदवावं लागतं. तो रकाना रिकामा सोडला तर नंतर कॉलेजात जाऊन बाप्तिस्म्याचा दाखला दाखवून उपयोग नाही. महाराष्ट्राचा अधिवास दाखलाही जोडीला लागतो. दर्जा 'ख्रिस्ती' असा आहे की 'रोमन कॅथलिक' असा, हेही कॅपच्या यादीत बघा. दुसऱ्या पंथाच्या कुटुंबांना त्याने फरक पडतो.

फी किती, हे कुणाच्या तोंडचं ऐकू नका. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करतं आणि ते आकडे त्यांच्या संकेतस्थळावर असतात. त्यापुढे 'डोनेशन' मागितलं तर ते बेकायदा. कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदा महाराष्ट्रात १९८७ पासून आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे धीर सुटून संस्थेच्या कोट्यातून प्रवेश घेणं. "सीट राहणार नाही, आज पैसे भरा" असं एजंट सांगतो, बाप शेत गहाण टाकतो. अन् मग कळतं की कॅपबाहेरच्या प्रवेशाला फी सवलत लागू नाही. सवलत छोटी नाही. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी शिक्षण फी मिळते. मुलींचं तर २०२४-२५ पासून आणखी सोपं झालंय. त्याच उत्पन्न मर्यादेत ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ, पण कॅपमधून प्रवेश असेल तरच. कॅपमधून मिळालेलं दुसऱ्या पसंतीचं कॉलेज हे कोट्यातल्या पहिल्या पसंतीपेक्षा चांगलं, असं आम्ही ठामपणे सांगू.

फीपेक्षा खोली महाग

चर्चगेटपासून डहाणू रोड १२४ किलोमीटर. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल येते खरी, पण एका बाजूला तीन तासांच्या आसपास जातात. वर्गात झोप लागणार. पालघरकराने बोरिवली-वांद्र्यापर्यंत रोजचं जाणं-येणं जमवता येईल, डहाणू-तलासरीच्या विद्यार्थ्याने धोबी तलावाचा विचार वसतिगृहासकटच करावा. जव्हार, मोखाड्याला तर स्टेशनपर्यंतची एसटी धरली की प्रश्नच मिटला.

कागदावर मांडून बघा. समजा, मुंबईत अनुदानित बीएस्सीची फी वर्षाला ८ हजार, पण राहणं-खाणं महिन्याला ९ हजार. दहा महिन्यांचे ९० हजार झाले, एकूण ९८ हजार. दुसरीकडे घरून जाता येईल अशा कॉलेजात विनाअनुदानित कोर्सची फी ३५ हजार आणि वर्षभराचा पास, डबा धरून आणखी १० हजार. एकूण ४५ हजार. 'स्वस्त' कॉलेज दुपटीहून महाग पडलं. आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतलेत, आपले घालून बघा. याच कारणाने वसई-नालासोपाऱ्याच्या कुटुंबांनी गावातलं गोन्सालो गार्सिया सोडून दूर जाण्याआधी दोनदा विचार करावा.

वसतिगृहाची खात्री कॉलेजच्या नावावर धरू नका. धर्मभगिनी मुलींसाठी वसतिगृहं चालवतात, त्यांचा अर्ज वेगळा असतो आणि जागा लवकर भरतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत, तिथे जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात. अनुसूचित जातींसाठी स्वाधार, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. पैसे मात्र उशिरा येतात हे धरून चाला. पहिल्या चार-सहा महिन्यांचा खर्च हातात हवा.

इंग्रजी आणि प्रार्थना

मराठी माध्यमाच्या पोरांना धास्ती असते इंग्रजीची. ती खोटी नाही. लेक्चर इंग्रजीत, पहिलं सत्र जड जातं. पण झेवियर्ससारख्या ठिकाणीही मराठी वाङ्मय मंडळ आहे, तिथे आपली माणसं भेटतात. ज्या कॉलेजात जायचं तिथे मराठी माध्यमातून आलेला एखादा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी गाठा आणि पेपर कोणत्या भाषेत लिहिता येतो, जादा वर्ग असतात का, हे विचारा.

दुसरी धास्ती पालकांची : तिथे प्रार्थनेला बसवतात का? घटनेचं कलम २८(३) सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या, अन् तो सज्ञान नसेल तर पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. हजेरीची शिस्त मात्र सर्वांना सारखीच, तिथे जात-धर्म बघत नाहीत.

अर्जाच्या कामाला लागताना मुंबई विद्यापीठाची ऑनलाइन प्रवेशपूर्व नोंदणी आधी उरका. ती नसेल तर विद्यापीठाशी संलग्न कॉलेजचा अर्ज पुढे सरकत नाही. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा काढा, सेतूत निकालानंतर रांगा लागतात. मूळ कागदपत्रं दाखवून परत घ्या. ती अडकवून ठेवू नयेत असं यूजीसीने २०१८ मध्येच बजावलं आहे. फीची पावती कॉलेजच्या नावाची आणि शिक्क्याची हवी. ती मिळणार नसेल तर पैसे खिशातच ठेवा आणि पुढच्या फेरीची वाट बघा.