दक्षिण कोकणातील बांबूंची पाहणी

रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत परड्याच्या कुंपणापासून आंबे उतरविण्याच्या झेल्यापर्यंत बांबूवाचून शेतकऱ्याचे पदोपदी अडते. 2017 साली भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनाबाहेरील जमिनीवरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आला व त्याची तोड आणि वाहतूक सुलभ झाली. लागवड वाढविण्यापूर्वी कोणत्या गावी कोणत्या जातीची बेटे आहेत, याची पाहणी होणे अगत्याचे आहे.

या कामी पहिली अडचण नावांची येते. जवळजवळ भरीव व बिनकाटेरी असा माणगा कोठे मेस, तर कोठे चिवार म्हणून ओळखला जातो. उलट चिवा किंवा चिवारी हे नाव सह्याद्रीतील एका निराळ्याच जातीस आहे. यास्तव केवळ नाव टिपून भागत नाही. फुलोरा अनेक वर्षांनी येत असल्याने फुलांवरूनही ओळख पटविणे कठीण जाते. नव्या कोंबावरील आवरण हीच खात्रीची खूण होय. पावसाळ्यात व त्यानंतर लगेच, ते गळण्यापूर्वी, त्याचा आकार, त्यावरील लव व टोकाचे पाते तपासावे. पेरांची लांबी, पोकळी व काटे यांचीही नोंद करावी. कळक मात्र त्याच्या काट्यांवरून व उंच, पोकळ खोडावरून सहज ओळखता येतो.

बेट केव्हा लावले, कंद कोठून आणला व फुलोरा पूर्वी केव्हा आला, हे गावातील वृद्धांस विचारून लिहून ठेवावे. कळकास साधारणतः 30 ते 45 वर्षांनी एकाच वेळी फुलोरा येतो, बी धरते व बेट वाळून जाते. जुन्या बेटाचा कंद नव्या जागी लावला, तरी त्याचे वय मूळ बेटाचेच राहते. फुलोरा जवळ आलेल्या बेटाचे कंद बांधावर लावणाऱ्याचे श्रम व पैसा थोड्याच वर्षांत वाया जाण्याचा संभव असतो.

माणग्यास बी क्वचितच धरते; त्याची वाढ कंद व कांड्या लावूनच केली जाते. त्यामुळे गावातील सर्व बेटे एकाच मूळ बेटापासून झालेली असू शकतात. अशा बेटांवर एखादा रोग पडल्यास सर्वांसच धोका संभवतो. म्हणून निरनिराळ्या गावांतील कंद आणून, त्यांवर गावाच्या नावाची पाटी लावून ते वेगवेगळे जोपासणे हितावह होय.