हस्तकौशल्य आणि दुःखपरिहार

रोगशय्येवर पडलेल्या किंवा आप्तवियोगानें खचलेल्या मनुष्यास उपदेश फारसा रुचत नाहीं. परंतु त्याच्या हातांत सुई, चरखा किंवा बुरडाची कामटी दिली, तर शब्दांनीं न साधणारें समाधान पुष्कळदां हातांनीं साधतें. असें कां व्हावें, याचा थोडा विचार करूं.

दुःखी मन गत गोष्टींत घुटमळतें किंवा पुढील भयानें व्याकुळ होतें. विणणाऱ्यास मात्र हातांतला टांका मोजावा लागतो. तेवढा वेळ तरी मन स्थिर राहतें. दुसरें असें कीं, दुःखास अंत दिसत नाहीं, पण टोपलीस कांठ येतो व ती पुरी होते. तिसरें कारण सर्वांत मोठें: ज्याच्या वांट्यास सदा घेणेंच आलें, तोही स्वतः केलेली वस्तु दुसऱ्यास देऊं शकतो.

पंडिता रमाबाईंचे आईबाप दुष्काळाच्या दिवसांत गेले. १८८० मध्यें बंधु व १८८२ मध्यें पति निवर्तले. १८९६-९७ च्या दुष्काळांतील अनाथ मुली व विधवा यांस त्यांनीं आश्रय दिला, तो अन्नवस्त्रापुरता नव्हता. केडगांवीं माग चालत, स्त्रिया छापखान्यांत खिळे जुळवीत, अंध स्त्रियाही टोपल्या विणीत. १९२१ सालीं कन्या मनोरमा वारली. तरी १९२२ च्या एप्रिलांत देह ठेवीपर्यंत रमाबाईंनीं मराठी बायबलाचें काम सोडलें नाहीं.

वरोऱ्याजवळील आनंदवनांत बाबा आमटे यांनीं कुष्ठपीडितांच्या हातीं माग दिला. या रोगानें बधिर झालेल्या हातास चटका किंवा जखम कळत नाहीं. म्हणून तेथें डोळ्यांनीं हातांची राखण करावी लागते. अशा हातांनींही उत्तम कापड विणलें आहे.

पालकहो, घरांत कोणी दीर्घ आजारी असेल, किंवा एखादें मूल वियोगानें मुकें झालें असेल, तर त्याच्या आवडीचें लहानसें काम त्याच्याजवळ ठेवा व आपणही शेजारीं बसून तेंच करा. सक्ति मात्र नको. शक्ति नसेल त्या दिवशीं सुई बाजूस ठेवण्यांत कमीपणा नाहीं. रडूं आलें तर रडूं द्यावें. वैद्याचा इलाज व प्रार्थना हीं तर चालू राहिलींच पाहिजेत.

यापो येथील टबीथा वारली, तेव्हां विधवांनीं रडत रडत तिनें शिवलेलीं वस्त्रें पेत्रास दाखविलीं, असें प्रेषितांच्या कृत्यांत सांगितलें आहे. शोकाच्या घडीसही त्यांच्या हातीं कांहीं होतें, तें हेंच.