पॅरिशच्या वहीतील पूर्वज

इंग्लंडमधील एखाद्या शेतकरी वा विणकर कुटुंबाची वंशावळ शोधायची झाल्यास 'पॅरिश रजिस्टर', म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही, हा सर्वांत मोलाचा आधार ठरतो. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये अशी वही ठेवणे बंधनकारक केले आणि जमीनजुमला नसलेल्या माणसांचीही नावे कागदावर येऊ लागली.

ही वही वाचताना मात्र सावध राहावे लागते. तीत बहुधा जन्माची नव्हे, बाप्तिस्म्याची तारीख असते; शिवाय १७५१ पर्यंत तेथील कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्यामुळे मे १७१५ मधील विवाह आणि फेब्रुवारी १७१५ मधील अपत्याचा बाप्तिस्मा या नोंदींत काहीच विसंगत नसते, कारण तो फेब्रुवारी आजच्या गणनेने १७१६ चा असतो.

१७५४ पासून विवाहनोंदीवर वधूवरांची सही आवश्यक झाली आणि ज्यांना लिहिता येत नसे ते फुली काढीत. अशी वेडीवाकडी फुली हीच कित्येक स्त्रियांच्या हातची एकमेव शिल्लक खूण आहे, आणि म्हणूनच छापील सूचीवर न थांबता मूळ पान पाहणे अगत्याचे आहे.

जुलै १८३७ पासून इंग्लंड व वेल्समध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली. चर्चच्या अशा नोंदी भारतातही होत; ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात मुंबई इलाख्यात झालेल्या ब्रिटिशांच्या बाप्तिस्मा, विवाह व दफनांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या आज तेथील ब्रिटिश लायब्ररीत आहेत.